धुराड्याची साक्ष

सकाळी उठल्यावर माणसं देवाचं नाव घेतात, चहा ठेवतात, अगदीच काही नाही तर तोंड तरी धुतात. रैसा देम्यानिव्ना आधी खिडकीशी जायची आणि गावातली धुराडी तपासायची.

आमच्या द्रोबिव्कात हिवाळ्यात हे काही जगावेगळं नाही. गॅसची लाईन लढाईच्या पहिल्याच वर्षी फुटली, वीज लहर लागेल तेव्हा येते, आणि तोफांचा आवाज मात्र न चुकता येतो. घर ऊबदार ठेवायचं तर लाकडं आणि विटांची ती मोठी चूल, आजोबा-पणजोबांच्या वेळची. मग ज्याच्या धुराड्यातून धूर निघाला तो रात्र काढून उठला, असा आमचा साधा हिशोब. कुणाचा धूर उशिरा दिसला तर शेजारी जाऊन दार वाजवतो.

ओढ्याकाठच्या शेवटच्या घरातून मात्र धूर निघत नव्हता. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, कधीच नाही! आणि त्या घरात माणसं राहत होती.

घराचे मालक पोलंडला निघून गेले होते. पानगळीच्या दिवसांत तिथे व्हासिलिना राहायला आली, म्हातारा बाप आणि छोटी नात घेऊन. तिचं शहर पार पूर्वेला, आता त्याचं नुसतं नाव उरलंय. बोलणं शहरी, जिभेवर रशियन जास्त. खिडक्यांना तिने आतून पोती लावली. रस्त्याने चालताना चार पावलं टाकली की थांबायची आणि वर आकाशाकडे बघायची. दारोदार फिरून रिकामे डबे आणि पुठ्ठे तेवढे मागून न्यायची.

"मेणबत्त्या करते म्हणे, खंदकातल्या पोरांसाठी," शेजारीण होर्पीना कुंपणावरून मान काढून म्हणाली. "कुणी पाहिल्यात का त्या मेणबत्त्या?"

"मी तरी नाही पाहिल्या."

"आणि वर काय बघते सारखी? कुणाची वाट बघते? आपल्याला कसं, वर काही घरघरलं की आपण खाली बघतो, लपायला जागा शोधतो. ही वर बघते!"

"तेच माझ्याही मनात येतं."

"दोन ट्रॉल्या लाकडं टाकलीस ना तिच्या दारात? मग गेली कुठं? खाल्ली?"

"खाल्ली नसतील," रैसा म्हणाली, "पण पचवली नक्की."

हे लाकडांचं काम रैसाकडे कसं आलं तेही सांगतो. शाळेच्या स्वयंपाकघराची ती मुख्य होती. शाळेचं छप्पर उडालं, मुलं पांगली, पण कोठीची खोली शाबूत राहिली आणि तिची किल्ली रैसाच्या खिशात. शहरातून मदतीचा ट्रक आला की माल त्या खोलीत उतरायचा आणि रैसा तो घरोघर पोचवायची. हाताची स्वच्छ बाई. पण आदल्या हिवाळ्यात तिने ज्याच्याबद्दल खात्री दिली त्या माणसाने मदतीची ब्लँकेटं तालुक्याच्या बाजारात नेऊन विकली, आणि ट्रकवाल्या पोरांनी तिला चार शब्द ऐकवले. तेव्हापासून ती ताकही फुंकून पीत होती. फुंकायला हरकत नाही. पण फुंकता फुंकता तिने एका घरातला दिवाच विझवत आणला, ही त्याची गोष्ट आहे.

डिसेंबर लागताच थंडी अशी पडली की विहिरीचा दोर हाताला चिकटायला लागला. त्यातच ट्रक आला. या वेळी लाकडं नव्हती. जाड स्लीपिंग बॅगा होत्या, माणशी एक, आणि लहान मूल किंवा आजारी माणूस असलेल्या घरांसाठी गॅसवर चालणाऱ्या छोट्या शेगड्या. रैसा आणि तिचा नवरा किंद्रात ढकलगाडी घेऊन निघाले. किंद्रात जन्मभर बस चालवत होता. लढाई सुरू झाली तेव्हा त्याच बसमधून त्याने निम्मं गाव बाहेर काढलं होतं. तेव्हा एका धमाक्यात त्याचा एक कान गेला, म्हणून तो जरा मोठ्यानेच बोलतो.

शेवटच्या घराअलीकडे रैसाने गाडी वळवली.

"अगं, ते घर राहिलं की!" किंद्रात ओरडला.

"हळू बोल. राहिलं नाही, ठेवलंय."

"म्हणजे?"

"तीन बॅगा आणि एक शेगडी कोठीत कुलपात राहील. आधीची लाकडं कुठं गेली ते कळल्याशिवाय नवीन काही मिळणार नाही. उद्या ह्या बॅगाही बाजारात दिसतील आणि तोंड माझं काळं होईल."

"तू विचारलंस तिला, लाकडं कुठं गेली म्हणून?"

"चोराला विचारतात का, चोरी केलीस का म्हणून?"

किंद्रातने गाडीची दांडी खाली टेकवली. "गेल्या महिन्यात ओमेल्को म्हाताऱ्याचा धूर दिसला नाही, तर तू डोक्याला रुमाल न बांधता धावलीस त्याच्याकडे. आपल्या माणसाचा धूर दिसला नाही की आपण म्हणतो, काय झालं बिचाऱ्याला? आणि परक्याचा दिसला नाही की म्हणतो, काय केलं लबाडाने? धूर तोच ना?"

"ओमेल्को काय लाकडं विकणार आहे?"

"बरं, समज ही विकते. धरून चाल, विकते. मग त्या घरातली पोर गारठते की नाही? थंडी काय आधी आजीची चालचलणूक बघते?"

"तू बस चालव," रैसा म्हणाली. तिने दांडी स्वतःच उचलली आणि गाडी रेटत निघाली.

त्या आठवड्याच्या शेवटी होर्पीना धापा टाकत आली. तिचे डोळे आनंदाने चमकत होते, आणि तो आनंद काही चांगला नव्हता.

"सापडली! रंगेहाथ सापडली! ओढ्याकडे गाडी लागली होती. दोघंजण ताडपत्रीत गुंडाळून काहीतरी लांबलचक उचलून आणत होते. ही बया पुढे पुढे पळत दार उघडून देत होती. गाडीत टाकलं आणि भुर्रकन गेले."

"लाकडं?"

"नाहीतर काय, पियानो? जड होतं बाई, दोघांची कंबर वाकली होती!"

रैसाच्या जिवाला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू! माणसाचा संशय खरा ठरला की त्याला आपण फार शहाणे आहोत असं वाटतं. तिने जेवताना किंद्रातला सगळं साग्रसंगीत सांगितलं.

"होर्पीनाने ताडपत्रीच्या आत बघितलं?" त्याने विचारलं.

"आत काय बघायचं?"

"तेच तर म्हणतो मी," किंद्रात म्हणाला, आणि त्याने सूप पुढे ओढलं.

पण रैसाला आता डोळ्यांदेखत पुरावा हवा होता. घरात शिरायचं कसं? कारण नाताळच्या आदल्या संध्याकाळी आपोआप मिळालं. त्या दिवशी आमच्याकडे गव्हाची खीर करतात, खसखस आणि मध घालून, आणि पहिला तारा दिसला की ती वाडगाभर खीर जवळच्यांच्या घरी नेऊन देतात. खीर घेऊन आलेल्याला दारात थांबवत नाहीत, आत घेतात. घरचा प्रत्येकजण त्यातली चमचाभर खातो, आणि वाडगा कधी रिकामा परत जात नाही. तुमच्याकडेही शेजारणीचं भांडं रिकामं परत देत नाहीत ना? तसंच.

ताकाला जाऊन भांडं लपवतात लोक. रैसा भांडं उघड घेऊन निघाली, लपवली ती नियत.

"मी पण येतो," किंद्रात म्हणाला.

"तू आलास की तुझा आवाज आधी पोचेल. मला आत जाऊन नीट बघायचंय."

"खिरीवर हात ठेवून खोटं बोलायला निघालीस तू, रैसा."

"मी बोलणारच नाही. फक्त बघणार."

व्हासिलिनाने दार उघडलं आणि खीर बघून तिचा चेहरा असा काही झाला, की रैसाने नजर वाडग्यात घातली. "आमच्याकडे? आमच्याकडे खीर घेऊन आलात, रैसा देम्यानिव्ना? या, आत या!"

ओसरीतून पुढच्या खोलीत पाऊल टाकलं आणि रैसा जागच्या जागी थांबली.

लाकडं! जमिनीपासून छतापर्यंत लाकडं, भिंतीला लागून ओळीने रचलेली. दोन ट्रॉल्या, पुऱ्या दोन ट्रॉल्या. काही मोळ्यांच्या दोऱ्या ट्रकमध्ये बांधल्या होत्या तशाच होत्या. एक ओंडकासुद्धा कमी झालेला नव्हता. आणि खोलीत अशी थंडी की बोलताना दोघींच्या तोंडातून वाफ निघत होती. बाहेर जेवढी थंडी, तेवढीच आत.

आतल्या खोलीत एका डब्यात मेणबत्ती जळत होती. डबा, पुठ्ठ्याची गुंडाळी आणि मेण. अशा कितीतरी भरलेल्या डब्यांची रांग भिंतीशी लागली होती, खंदकात जायला तयार. त्या एका ज्योतीशेजारी अंगावर दोन कोट घालून ओरिंका बसली होती. सहा-सात वर्षांची असेल. ओठ निळसर पडलेले.

"खीर आणलीय गं यांनी. नमस्कार कर."

मुलीने चमचा घेतला. तो तिने दोन्ही हातांनी धरला.

"चूल पेटवत का नाही?" रैसाच्या तोंडून निघून गेलं. "घर भरून लाकडं आहेत!"

व्हासिलिनाने मुलीकडे पाहिलं आणि रैसाला दाराशी बाजूला घेतलं.

"आमच्या तिकडे जानेवारीत अशीच थंडी होती. वारा पडलेला. हिच्या आईने, माझ्या लेकीने, सकाळी चूल पेटवली. धूर सरळ वर गेला, काठीसारखा. आमच्या गल्लीत तेवढ्याच घरात माणसं उरली होती, आणि वर घिरट्या घालणाऱ्या ड्रोनला तेवढंच हवं होतं. आम्ही तिघं तळघरात बटाटे काढत होतो म्हणून वाचलो. मला कळतं हो, इथं सगळे पेटवतात, इथं तसं नाही. पण मी काडी हातात घेतली की ही किंचाळते. आणि खरं सांगू? ती किंचाळली नाही तरी माझाही हात पुढे जात नाही."

रैसाच्या हातातला वाडगा एकदम जड झाला.

"ती लाकडं मी तुम्हाला परत करणार होते," व्हासिलिना म्हणत होती. "पण दिलेली वस्तू परत केली तर तुम्हाला वाटेल, काय माजलीय बघा. कसं सांगावं तेच कळेना."

"आणि वडील? वडील कुठं आहेत तुमचे?"

"रुग्णालयात. छातीत कफ भरला, श्वास घेता येईना. डॉक्टरांची गाडी आली, पण स्ट्रेचर नव्हतं. मग त्यांनी ताडपत्रीत गुंडाळून नेलं बाबांना."

देवा रे! ताडपत्री! तर दोघांची कंबर ज्या ओझ्याने वाकली ते हे ओझं होतं! आणि आपण त्या रात्री सुपाचा दुसरा वाडगा मागून घेतला होता!

"स्लीपिंग बॅगा आल्या होत्या असं दुकानात बोलत होते," व्हासिलिना जरा संकोचून म्हणाली. "आम्ही नवीन, तेव्हा आमचं घर चुकून राहिलं असणार. बाबांना एखादी बॅग बरी झाली असती. पण आधीची लाकडं तशीच पडलेली, त्यात आणखी मागायला जायचं म्हणजे जीव लाजतो."

चुकून! सुटायला दार उघडं होतं. रैसाने फक्त मान हलवायची होती. हो बाई, चुकूनच राहिलं, उद्या पाठवते. कुणाला काही कळलं नसतं. गावात तिची अब्रू होती तशी राहिली असती, आणि मुलीला बॅगही मिळाली असती. रैसाने तोंड उघडलंही तेवढ्यासाठीच.

"चुकून नाही," ती म्हणाली. तिचा स्वतःचाच आवाज तिला अनोळखी वाटला. "मी ठेवून घेतल्या. तुमच्या तीन बॅगा आणि शेगडी कोठीत कुलपात आहेत. तुमच्या घरातून धूर निघत नव्हता म्हणून मला वाटलं तुम्ही लाकडं विकता. तुमच्या वडिलांना नेलं, तेही मला लाकूडच वाटलं. आत्तासुद्धा मी खीर द्यायला आले नाही. बघायला आले होते."

व्हासिलिनाने तिच्या हातातला वाडगा काढून घेतला. रैसाला वाटलं, आता ही वाडगा फेकून मारणार, आणि मारावाच.

"किल्ली आहे जवळ?" व्हासिलिनाने विचारलं.

"आहे."

"मग जा आणि आणा. मला तुमच्यावर रागवायचंय, पुष्कळ रागवायचंय, पण ते नंतर. आधी पोरगी गार पडलीय."

अठ्ठावन्न वर्षांची रैसा त्या बर्फातून धावत सुटली. कोठी उघडली, बॅगा छातीशी धरल्या आणि वाटेत किंद्रातला एवढ्या मोठ्याने हाक मारली की त्याच्या गेलेल्या कानालाही ऐकू गेली असेल. अर्ध्या तासात शेगडी पेटली. गॅसला धूर नसतो. ओरिंका बॅगेत गळ्यापर्यंत शिरली आणि हळूहळू तिच्या ओठांवर रंग आला.

निघताना व्हासिलिनाने वाडगा परत केला. त्यात डब्यातली एक मेणबत्ती होती. तिने ती देताना रैसाकडे बघितलं नाही, पण रीत चुकवली नाही.

शेगडीचा गॅस किती दिवस पुरणार? किंद्रात दुसऱ्या दिवशी त्या घरच्या चुलीत डोकं घालून आला. "चूल उत्तम आहे. विटा अशा जाड की सकाळी दोन तास पेटवली तर दुसऱ्या सकाळपर्यंत घर उबदार राहील. प्रश्न धुराचा नाही, तो दिसण्याचा आहे. धुकं पडू दे."

"धुकं?"

"धुक्यात धूर कुणाला दिसतोय? आघाडीजवळच्या गावांत सगळे असंच करतात. तू त्या मुलीला 'घाबरू नको' म्हणून सांगत बसू नकोस. तिची भीती खोटी नाही, तिने डोळ्यांनी बघितलंय. तिला दिसू दे की धूर दिसत नाही."

नव्या वर्षाच्या तोंडावर तसं धुकं पडलं, समोरचं कुंपण दिसू नये इतकं दाट. किंद्रात आत चुलीशी बसला. रैसा अंगणात ओरिंकाचा हात धरून उभी राहिली. व्हासिलिना दोघींच्या मागे.

"पेटवली!" आतून किंद्रात ओरडला.

मुलीचा हात रैसाच्या हातात आवळला गेला, नखं रुतली. ती मान वर करून बघत राहिली. धुराडं कुठं आहे तेही दिसत नव्हतं. लाकडाचा वास तेवढा आला. मुलगी किंचाळली नाही.

"दिसतोय का?" तिने विचारलं.

"नाही."

"नीट बघ ना."

रैसा नीट बघत राहिली. इतके दिवस ह्याच धुराड्याकडे तिने दुसऱ्याच डोळ्यांनी पाहिलं होतं. "नाही गं बाळा," ती म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं. "काही म्हणजे काही दिसत नाही."

त्या दुपारी ओरिंका चुलीच्या पाठीवरच्या उबदार कट्ट्यावर चढली आणि अंगावरचे दोन्ही कोट काढून झोपली. व्हासिलिना मग रैसावर रागावली, पोटभर रागावली, आणि रैसाने ते खाली मान घालून ऐकलं.

फेब्रुवारीत व्हासिलिनाचे वडील, म्हातारे येवमेन बाबा, रुग्णालयातून घरी आले. अंगात हाडं तेवढी उरली होती, जीभ मात्र शाबूत. रैसा भेटायला गेली आणि तिने सगळं पुन्हा स्वतःच्या तोंडाने सांगितलं, ताडपत्रीसकट.

"लाकूड वाटलो होय?" म्हातारा खोकत हसला. "ओलं की सुकं?"

"बाबा, थट्टा नका करू. माझ्यामुळे तुम्ही..."

"तुमच्यामुळे म्हणा किंवा तिकडच्या तोफांमुळे म्हणा. तोफ मला ओळखत नव्हती, तिला काय दोष द्यायचा? तुम्ही मात्र चार घरं पलीकडे राहत होतात, रैसा देम्यानिव्ना." मग तो हसायचा थांबला. "माझी माफी मागून काय होणार? मी गरम आहे आता. पुढच्याचं बघा."

पुढचा यायला वेळ लागला नाही. त्याच महिन्यात जुन्या दवाखान्यात एक तरुण जोडपं तान्हं मूल घेऊन राहायला आलं. दिवसभर दार बंद, कुणाशी बोलणं नाही. मदतीचा ट्रक उतरत होता तेव्हा होर्पीना रैसाच्या कानाशी लागली.

"तो धडधाकट पोरगा सैन्यात का नाही? पळून आलाय बघ. आणि ती सारखी कुठं जाते पाठीवर पिशवी घेऊन? पाणी मुरतंय कुठं तरी. त्यांचं जरा थांबवून ठेव, कळेपर्यंत."

रैसाने दोन ब्लँकेटं उचलली, वर बाळासाठी लोकरीची दुलई ठेवली आणि सगळं होर्पीनाच्या हातात दिलं.

"धर. चल माझ्याबरोबर."

"कुठं? मी कशाला?"

"त्यांचं दार वाजवायला. तुला जे विचारायचंय ते त्यांनाच विचार. पण आधी हे द्यायचं, मग विचारायचं. उलट नाही!"

"आणि लबाड निघाले तर?"

"तर लबाडाचं बाळ उबेत झोपेल," रैसा म्हणाली, आणि चालायला लागली.

मंडळी, युद्ध आपल्या हातात नसतं आणि थंडीही नसते. आपल्या हातात असतं एक दार, आणि ते वाजवायचं की त्याच्याकडे लांबून बघत बसायचं एवढं ठरवणं. लांबून बघणाऱ्याला सगळीच माणसं चोर दिसतात. मदत नुसती दारात टाकून पुरी होत नाही. ती घेणाऱ्याच्या कामी येते का, हे आत जाऊन, त्याच्याशेजारी बसून विचारावं लागतं. शहानिशा जरूर करा, पण कुडकुडणाऱ्याला आधी पांघरूण घाला. संशय उन्हाळ्यापर्यंत थांबू शकतो, गारठलेलं मूल थांबू शकत नाही!